दुर्गाडीच्या पायथ्याची बाग

ठाणे जिल्ह्यातील जुन्या गावांना एक विचित्र खोड जडलेली आहे. ज्या पाण्याच्या आधाराने ती वसली, वाढली आणि नावारूपास आली, त्याच पाण्याकडे त्यांनी कालांतराने पाठ फिरविली. ठाणे, कल्याण, भिवंडी ही तिन्ही गावे खाडीने पोसलेली. खाडी नसती तर तेथे ना पेठ भरती, ना जकातीची चौकी बसती, ना कोणा सुभेदाराची कचेरी थाटली जाती. परंतु आज परगावच्या माणसाने स्टेशनावर उतरून खाडी कोणीकडे म्हणून विचारले, तर बहुतेक माणसे "कोणत्या पुलावर जायचंय?" असा उलट प्रश्न करतात. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, गणेश घाटाच्या अंगाने, लोकांना बसाउठावयासाठी खाडीकाठ सुशोभित होत आहे आणि नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली एक युद्धनौकाही तेथे आणून ठेविली आहे, ही वार्ता कानी आली तेव्हा ती बाग, आणि बागेहूनही अधिक ती ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीचा पूर्वेतिहास, एकदा पायांखाली घालावा अशी इच्छा बळावली, आणि मार्गशीर्षातील एका सकाळी मी ठाण्याहून निघालो.

निघण्यापूर्वी ठाण्याचे पाणी पाहून घेणे उचित होते. ठाणेकरास फिरावयास जाण्याचे ठिकाण विचारा; तो मासुंद्याचे, म्हणजे तलावपाळीचे, नाव घेईल. एका काठास सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली बांधविलेले कौपिनेश्वराचे देवालय, दुसऱ्या काठास १९७८ साली उघडलेले गडकरी रंगायतन, मध्ये होड्या, भोवती भेळवाले आणि कठड्यावर बसलेली सर्व वयांची माणसे, असा हा तळ्याकाठचा दरबार दिवाळीच्या पहाटेपासून आषाढातील पावसापर्यंत अखंड भरलेला असतो. खाडीच्या वाट्यास यातील काहीच आले नाही. ती चेंदणी कोळीवाड्याच्या पलीकडे, रुळांच्या पाठीमागे, आपल्या चिखलातिवरांत मुकाट पडून असते आणि नारळी पौर्णिमेस कोळीवाड्याची मिरवणूक वाजतगाजत बंदरावर गेली म्हणजे तेवढ्यापुरती गावास तिची आठवण होते. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास जो किल्ला बांधावयास घेतला, मराठ्यांनी १७३७ साली जो जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी जो घेतला, त्याचा पुढे तुरुंग झाला. तेथेच १९१० च्या एप्रिलात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. पाणी दिसावे म्हणून बांधलेल्या वास्तूतून आज कोणासही पाणी दिसत नाही. गायमुख, कोलशेत, नागला बंदर या बाजूंस अलीकडे चौपाट्या निघाल्या आहेत खऱ्या. परंतु त्या नव्या वस्तीच्या, मूळ गावाच्या नव्हेत.

ठाण्याहून कल्याणास जाताना जलद गाडी टाळावी, असे माझे मत आहे. जलद गाडी १९१६ साली खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्यात शिरते आणि प्रवाशाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यास पलीकडे सोडते. धिमी गाडी मात्र डोंगराला वळसा घालून, कळवा, मुंब्रा, दिवा अशी मुक्काम करीत, डाव्या हातास खाडी दाखवीत जाते. १८५४ सालच्या मे महिन्यात कल्याणपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाची मूळ वाट हीच. रेतीबंदराशी एके काळी वाळूचे ढीग आणि ओल्या वाळूने काठोकाठ भरलेल्या होड्या दिसत. बेसुमार उपशामुळे खाडीचे काठ खचू लागले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि तो धंदा आता पूर्वीसारखा उघड राहिलेला नाही. डोंबिवलीनंतर ठाकुर्ली येते. येथे रेल्वेने १९२९ साली चोळ्याचे वीजघर उभारले. मुंबईच्या विजेच्या गाड्या ज्या शक्तीवर धावू लागल्या तिचा एक उगम या खाडीच्या काठी होता, ही गोष्ट त्याच गाड्यांना लोंबकळून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. वीजघर बंद पडूनही आता बरीच वर्षे लोटली.

कल्याणचे स्टेशन गावाच्या पूर्वेस आहे आणि दुर्गाडी पश्चिमेस, अगदी पाण्याला लागून. मधले अंतर कोसभराहूनही कमी. पूर्वी ते टांग्याने तोडीत, आज रिक्षाने जावे लागते. मी मात्र पायीच निघालो, कारण जुने गाव लागते ते याच वाटेवर. शिवाजी चौकातील गर्दी ओलांडून टिळक चौक, पारनाका या भागात शिरले की रस्ते एकाएकी अंग चोरतात. उंच जोत्यांची घरे, लाकडी कठडे, मागच्या बाजूस विहीर असावी असा भास देणारी बोळे, आणि त्यांच्यामधून घुसलेल्या सहामजली इमारती. १८६४ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय याच गावचे. त्याच्या पुढच्याच वर्षी येथे जन्मलेली यमुना जोशी पुढे आनंदीबाई म्हणून अमेरिकेहून डॉक्टर होऊन आली. सुभेदारवाडा हे नाव अद्याप टिकून आहे. अशा गावात नदीकाठी फिरावयास जाण्याची चाल पूर्वीपासून असेल अशी कोणाचीही समजूत होईल; परंतु पारनाक्याहून लालचौकीकडे आणि तेथून दुर्गाडीकडे येऊ लागले की वस्तीचा रंग पालटतो, मालट्रकांची रांग लागते, आणि हा रस्ता माणसांना पाण्याकडे नेण्यासाठी नसून भिवंडीच्या गोदामांकडे माल नेण्यासाठी आहे, हे पायी चालणारास ताबडतोब कळून चुकते.

दुर्गाडी हा गड म्हणावा इतका उंच नाही. खाडीच्या वळणावर एक टेकाड, त्यावर देवीचे स्थान, तटाचे काही अवशेष, एवढेच. परंतु तेथे उभे राहून उत्तरेकडे पाहिले की हे टेकाड कोणाच्या नजरेतून का सुटले नाही ते ध्यानात येते. सह्याद्रीत बोरघाटाच्या परिसरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर ही गावे मागे टाकून येथे येते. काळू आणि तिच्यात मिळालेली भातसा यांचे पाणी तिला येऊन मिळते. आणि कल्याणाशी तिच्या गोड पाण्यास समुद्राची भरती भेटते. नदी येथे संपते आणि खाडी सुरू होते. भरतीबरोबर गलबत वर यावे, माल उतरवावा, घाटावरून आलेला माल भरावा, आणि ओहोटीबरोबर वसईकडे निघून जावे, याहून सोयीची जागा बंदरास कोणती मिळणार? नाणेघाट आणि बोरघाट या दोन्ही घाटांच्या वाटा या बाजूस उतरतात. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्याने 'कल्लिएना'चा उल्लेख केला आहे आणि तेथील व्यापार अडविला जाऊन ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचकडे धाडली जात असल्याची तक्रारही नोंदविली आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस याने येथून पितळ, काळे लाकूड आणि कापड निर्यात होत असल्याचे लिहून ठेविले आहे. राजकीय हेव्यादाव्यांनी एखाद्या बंदराचा व्यापार दुसरीकडे वळविणे हा प्रकार, म्हणजे, आमच्या काळातला नव्हे.

परंतु या पायथ्याच्या जमिनीचे खरे माहात्म्य सतराव्या शतकातले. १६५७ सालच्या ऑक्टोबरात, वसुबारसेच्या दिवशी, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाही अंमलातून हस्तगत केली. किल्ल्याच्या कामात धन सापडले, ते देवीचा प्रसाद मानून गडास दुर्गाडी हे नाव दिले, अशी परंपरा आहे. तिची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. निःसंशय आहे ते निराळेच: डोंगरी मुलखाच्या या धन्याने खाडीचे पाणी पाहताच गलबते बांधावयास घेतली. त्यासाठी कारागीर हवे होते, आणि त्या विद्येत त्या काळी पोर्तुगीज अग्रेसर होते, म्हणून रुय लैतांव व्हियेगस नामक पोर्तुगीज कप्तान, त्याचा पुत्र आणि त्यांच्या हाताखालची काही शे माणसे चाकरीस ठेविली. १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात या प्रकरणाची चिंता स्पष्ट दिसते. येथे वीसेक युद्धनौका तयार होत होत्या, आणि त्या जंजिऱ्याच्या सिद्दीवर धाडावयाच्या आहेत असे सांगितले जात होते. पोर्तुगीजांचा त्यावर विश्वास बसणे शक्य नव्हते, कारण नकाशा त्यांनाही वाचता येत होता. कल्याणाहून समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक गलबतास वसईच्या मुखाशी त्यांच्याच तोफांखालून जावे लागे. आज जे आरमार परवानगी मागून जाईल, ते उद्या परवानगी मागणार नाही, हे ओळखण्यास फारशी दूरदृष्टी नको होती. वसईच्या कप्तानाने आपल्या जातभाईंची समजूत घातली, आणि व्हियेगस आपल्या माणसांसह एका रात्री काम अर्धे टाकून पळून गेला.

मला या हकीकतीतील पळून गेलेल्या कप्तानापेक्षा मागे राहिलेल्या माणसांचे कुतूहल अधिक वाटते. कारण आरमार थांबले नाही. परक्या कारागिरांच्या शेजारी बसून ज्यांनी फळ्या तासल्या, खिळे ठोकले, सांध्यांत कापूस भरून डांबर घातले, ते येथले सुतार, लोहार, कोळी आणि भंडारी. त्यांच्या हातांत ती विद्या राहिली म्हणूनच पुढे मराठ्यांचे आरमार उभे राहिले. त्यांपैकी एकाचेही नाव दफ्तरात नाही. पळालेल्याचे नाव पोर्तुगीजांच्या कागदांत सुरक्षित राहावे आणि टिकून राहिलेल्यांची नावे खाडीत बुडावीत, हा इतिहासाचा नित्याचाच न्याय आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. मोगलांनी हे गाव घेतले, जाळले, पुन्हा वसविले. १६७५ साली जुन्नरकडे जाताना येथून गेलेल्या डॉक्टर फ्रायर या इंग्रजास भव्य अवशेष आणि हलाखीत राहणारी माणसे एकाच ठिकाणी दिसली. पेशवाईत, विशेषतः १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर, खाडी मुखापासून माथ्यापर्यंत एका सत्तेखाली आली आणि कल्याणच्या सुभ्यास बरे दिवस आले. १७८० साली इंग्रज आले. मराठी फौजेने वेढा दिला, कर्नल हार्टले मदतीस धावला, आणि गाव त्यांच्या हाती राहिले. या सर्व उलथापालथीत बंदर चालूच होते. भात, मीठ, सुकी मासळी, लाकूड यांची गलबते येत होती. कोणत्याही फौजेस जे साधले नाही ते लोखंडाच्या दोन रुळांनी केले.

आगगाडी आली आणि गावाचे तोंड फिरले. ज्या बाजूने परका माणूस गावात शिरतो ती गावाची दर्शनी बाजू. तेथे चांगली घरे, दुकाने, धर्मशाळा असावयाच्या. शेकडो वर्षे ती बाजू पश्चिमेची, पाण्याची होती. १८५४ नंतर ती पूर्वेची, स्टेशनाची झाली, आणि खाडी गावाचे परसदार होऊन बसली. परसदारी आपण जे जे टाकतो ते ते सर्व कल्याणाने खाडीकडे टाकले. नगरपालिका १८५५ सालची, म्हणजे या भागातील फार जुन्या नगरपालिकांपैकी. परंतु दिवाबत्ती, गटारे आणि सडका यांच्या फेऱ्यात सापडलेल्या जुन्या नगरपालिकांना पाणी हे फिरावयाचे ठिकाण वाटण्याचा संभव नव्हता. पुढे आधारवाडीस कचऱ्याचे कोठार झाले. तुरुंगही तेथेच. दुर्गाडीवरून दिसणारा तो कचऱ्याचा डोंगर कित्येक दशके वाढत राहिला, उन्हाळ्यात पेटला, आठवडा आठवडा धुमसला, आणि पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे आख्ख्या गावाच्या घरांत शिरला. जुने कल्याणकर आजही खिडक्या लावून घेण्याच्या त्या दिवसांविषयी रागाने बोलतात, आणि तो राग रास्त आहे. १९८३ साली महानगरपालिका झाली, तरी डोंगर होताच. तो २०२१ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी, एकदाचा बंद झाला. दुर्गाडीच्या बागेचा इतिहास लिहिणारास पहिले फूलझाड कोणी लाविले हे सापडले नाही तरी चालेल. कचऱ्याची शेवटची गाडी केव्हा रिकामी झाली ही तारीख त्याने अवश्य लिहावी, कारण बागेचा आरंभ खऱ्या अर्थाने तेथून होतो.

बाग म्हणजे काय आहे? पायऱ्यांचा घाट, त्याच्या वरच्या अंगास फरसबंदी, बाके, दिव्यांचे खांब, काही गवत, काही शोभेची झाडे. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे 'स्मार्ट सिटी'च्या यादीत आली आणि त्या योजनेतून या काठास नवे रूप देण्याचे ठरले. आरमाराच्या स्मृतीचे स्थान येथे असावे ही कल्पनाही त्यातलीच. त्या कल्पनेचे दृश्य रूप म्हणजे 'टी-८०' ही नौका. १९९८ साली ती नौदलात दाखल झाली, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वेगाने गस्त घालणे हे तिचे काम, आणि २०२३ साली ती सेवानिवृत्त झाली. करड्या रंगाची, चिंचोळ्या अंगाची, पुढे तोफ रोखून असलेली ही नौका पाहून मनास समाधान वाटले हे मी लपवीत नाही. शोभेसाठी ठेवलेल्या वस्तूंना येथे बहुधा जागेशी काही नाते नसते, हिला आहे. समुद्रापासून दूर, खाडीच्या माथ्यावर, उथळ पाण्यासाठी केलेली हलकी, चपळ गलबते बांधणे हीच या जागेची कामगिरी होती, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षांनी त्याच जातीची नौका येथे येऊन विसावली. ज्या कोणा अधिकाऱ्यास एखाद्या विराट नौकेचा मोह न पडता हे सुचले, त्याचे अभिनंदन केले पाहिजे. माझ्या शेजारी एक गृहस्थ नातवास घेऊन उभे होते. "आजोबा, बोट पाण्यात का नाही ठेवली?" नातवाने विचारले. "अरे, ती रिटायर झालीय," आजोबा म्हणाले. "तुम्ही पण रिटायर झालायत. तुम्ही तर रोज पोहायला जाता." आजोबांनी यावर त्यास आइस्क्रीम घेऊन दिले.

मी घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेलो. ओहोटी होती. खालच्या चार पायऱ्यांवर करडा, गुळगुळीत गाळ बसलेला. त्यात गेल्या भाद्रपदातील विसर्जनाच्या खुणा, मूर्तीच्या आसनाचा एक रंगीत तुकडा, सुंभाचे वेटोळे, भिजून काळा पडलेला नारळ. पलीकडे तिवरांच्या मुळांतून निवट्या उड्या मारीत होत्या. एक वृद्ध कोळी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून पाग सांधीत होता. अंगठ्याने धागा ताणून, दातांनी गाठ पक्की करून, मग जाळे हाताच्या अंतराने पुढे सरकवून तो फाटके घर शोधी. "दादा, मिळतं का काही?" असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे न पाहताच उत्तर दिले, "पानी हाय, साहेब. पन मावरा नाय." मग थोड्या वेळाने, "येक चिंबोरी गावली तरी देवाला नारल." वरच्या बाकांवरील मंडळींस खाडीविषयी जे सांगता आले नसते ते त्याने एका वाक्यात सांगितले होते.

आणि ते सांगणे अतिशयोक्तीचे नव्हते. १९४९ साली निर्वासित सिंधी बांधवांच्या छावणीस या नदीवरून उल्हासनगर हे सुंदर नाव मिळाले. त्यानंतर वालधुनी या उपनदीतून रसायनांची आणि जीन्स धुण्याच्या कारखान्यांची घाण याच खाडीत आली. ही तीच वालधुनी, जिच्या काठी शके ९८२ मध्ये शिलाहारांनी अंबरनाथाचे अप्रतिम शिवमंदिर पुरे केले. वरच्या अंगास, मोहन्याजवळ, उल्हासचे पात्र काही ऋतूंत जलपर्णीने हिरवेगार झालेले असते, आणि लांबून पाहणारास ते कुरणच वाटते. मात्र त्याच पात्रातून कल्याण-डोंबिवली आपले पिण्याचे पाणी उचलते, आणि शहाडच्या योजनेतून ते ठाण्यापर्यंत जाते. मासुंद्याच्या कठड्यावर बसून ठाणेकर ज्या पेल्यातून पाणी पितो, त्यात उल्हास नदी असते. नदीकाठच्या बागेचा आणि नदीच्या पाण्याचा संबंध असा घरगुती आहे. पाणी बिघडले तर नुसत्या दिव्यांच्या खांबांनी काठ सुधारत नाही.

शिवाय नदी स्वतःही तपासणीस येते. २६ जुलै २००५ रोजी ती गावात शिरली. २०१९ च्या जुलैत तिने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली आणि हजाराहून अधिक उतारूंना होड्यांतून सोडवावे लागले. त्या दिवसांत दुर्गाडीचा घाट दिसेनासा होतो. घाटास त्याचे काही वाटत नाही. पायऱ्या पाण्याखाली जातात, पाणी उतरले की गाळ झाडून पुन्हा मोकळ्या होतात, कारण ती रचनाच पाण्याचे वरखाली होणे गृहीत धरून केलेली असते. कठडे, विजेच्या पेट्या, खेळणी आणि फरसबंदी यांस हे साधत नाही. मेणवलीस नाना फडणविसांनी बांधविलेला घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांस मी काय म्हणतो ते कळेल. कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, जेथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, तेथली बागही लोकांना आवडते ती फुलांमुळे नव्हे. हिरवळीवरून चालत चालत माणूस थेट वाळूत आणि वाळूतून पाण्यात जातो, मध्ये कोणी अडवीत नाही, म्हणून. नदीकाठच्या बागेची परीक्षा एवढीच असावी असे मला वाटते. पाण्याजवळ जाता येते की नाही? पाण्याकडे पाठ करून बसविलेली बाके, पाण्याच्या आणि माणसाच्या मध्ये उभे केलेले गज, आणि 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी लावून संपविलेले कर्तव्य, एवढ्यावर जी बाग उभी असते ती रस्त्याच्या दुभाजकावरही चालली असती.

परतताना डोंबिवलीस उतरून मोठागावच्या रेतीबंदराकडे गेलो. माणकोलीचा नवा पूल झाल्यापासून संध्याकाळी तेथे जत्रा लोटते. तरुण मुले पुलावर उभी राहून सूर्यास्ताची आणि त्याहून अधिक स्वतःची छायाचित्रे घेतात, चणेवाले येतात, मक्याच्या कणसांच्या शेगड्या पेटतात. महानगरपालिकेने तेथे कोणासही बोलाविलेले नाही. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्या या गावास बसावयास जागा किती अपुरी आहे हे स्टेशनबाहेरील गर्दीवरून दिसतेच. परंतु जागा मिळाली की लोक ती पाण्याचीच पसंत करतात, हे या पुलावर दिसते. दीडशे वर्षे पाठ फिरवून बसलेली माणसे आपण होऊन पुन्हा तोंड वळवीत आहेत, आणि नगररचनाकारांनी त्यांच्या मागून जावे हे श्रेयस्कर. एवढ्या गर्दीस पुलाच्या कडेला उभे राहावे लागावे आणि खालचे जुने बंदर मोकळे पडावे, यात कोणाचेच शहाणपण नाही.

म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या कारभाऱ्यांस, पक्ष कोणताही असो, माझी विनंती आहे. दुर्गाडीस आणखी सुशोभन करण्यापूर्वी घाटाच्या खालच्या पायऱ्या बारमाही मोकळ्या आणि स्वच्छ ठेवा. भाद्रपद संपताच गाळ आणि मूर्तींचे अवशेष काढण्यास वेगळी माणसे नेमा. भरती-ओहोटीच्या वेळा रोज फळ्यावर लिहा, म्हणजे लोक पाण्याच्या वेळापत्रकाने येऊ लागतील. आधारवाडीच्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर इमारतींचा डोळा पडण्याआधी तिचा काठाकडील पट्टा बागेस जोडा. कोळ्यांच्या होड्या लागण्यास घाटाचा एक कोपरा राखून ठेवा, कारण या बंदराचे अखेरचे वहिवाटदार तेच आहेत. आणि 'टी-८०'च्या शेजारी एक दगड बसवून त्यावर १६५७ आणि १६५९ ही दोन साले, व्हियेगस बापलेकांचा उल्लेख, आणि त्यांच्यामागे राहिलेल्या या गावच्या सुतार-लोहारांचा उल्लेख मराठीत कोरा. या कामांस मोठी निविदा काढावी लागणार नाही. पुढच्या वसुबारसेपर्यंत ती सहज होतील.